पणजोबा सातबाऱ्यावर सापडतात, पणजी कुठे सापडते? बुलढाण्यातल्या शेतकरी कुटुंबाचा इतिहास असा शोधतात

'तुकाराम वल्द सखाराम, कुणबी, मुलगा.'

शंभरेक वर्षांपूर्वीच्या गावच्या जन्म नोंदवहीतली एखादी ओळ साधारण अशी असते. इथली नावं उदाहरणादाखल आहेत, पण मांडणी तीच. बापाचं नाव आहे, आजोबांचं आहे, जात आहे आणि झालेलं मूल मुलगा आहे हेही आहे. ज्या बाईने त्याला जन्म दिला, तिचं नाव मात्र अनेकदा नाही.

२०२३च्या अखेरीस महाराष्ट्रातल्या हजारो कुटुंबांनी अशा नोंदी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिल्या. मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सुरुवातीला तिचं काम मराठवाड्यापुरतं होतं, नोव्हेंबरपासून ते राज्यभर झालं. तहसील कचेऱ्यांमधले कापडात बांधलेले रुमाल सुटले, मोडी वाचणाऱ्यांना भाव आला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पिवळ्या पडलेल्या पानांचे फोटो फिरू लागले.

जातीच्या दाखल्यासाठी एक नोंद मिळाली की बहुतेकांचं काम संपतं. पण काहींचा प्रश्न तिथून सुरू होतो. हे पणजोबा या गावात कधी आले? जमीन त्यांची होती की मक्त्याची? आणि पणजी कोण होती, कुठल्या गावची होती?

बुलढाणा जिल्ह्यातल्या एखाद्या शेतकरी जोडप्याचा असा शोध घ्यायचा ठरवला, तर कुठले कागद कामाला येतात आणि कुठे अडायला होतं, ते पाहू.

किती मागे जाता येतं?

साधारण घरातल्या शेतकऱ्याचं नाव सलगपणे कागदावर येऊ लागतं ते १८६०च्या दशकापासून. पाटील, देशमुख, देशपांडे अशा वतनदार घराण्यांचे कागद त्याआधीचेही असतात. बाकीच्यांसाठी त्यापूर्वीचं बरंचसं तोंडी.

याचं कारण इतिहासात आहे. वऱ्हाड हा निजामाच्या राज्याचा भाग होता. १८५३च्या तहाने तो इंग्रजांच्या ताब्यात कारभारासाठी आला. त्यानंतर मुंबई इलाख्याच्या धर्तीवर इथे रयतवारी पद्धतीने मोजणी झाली. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला, त्याची प्रत ठरली, ३० वर्षांसाठी सारा ठरला. हा सारा गोळा करायचा तर तो कोणाकडून, हे लिहून ठेवणं आलंच. शेतकऱ्याचं नाव सरकारदरबारी पोहोचलं ते असं, वसुलीच्या निमित्ताने. त्याची बायको सारा भरत नव्हती, म्हणून ती त्या वहीत आली नाही.

गंमत म्हणजे त्याच वर्षांत जगाच्या दुसऱ्या टोकालाही शेतकरी जोडपी कागदावर येत होती. अब्राहम लिंकन यांनी मे १८६२ मध्ये होमस्टेड कायद्यावर सही केली. सरकारी जमिनीवर पाच वर्षं राहून ती कसली, की १६० एकर नावावर होणार होते. १ जानेवारी १८६३ला नेब्रास्कात पहिल्या अर्जदारांपैकी एक म्हणून डॅनियल फ्रीमन यांनी दावा नोंदवला. त्यांच्या पत्नी अ‍ॅग्नेस सूटर. आज त्या शेतावर राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे आणि दोघांचीही नावं तिथे घेतली जातात.

त्याच सुमाराच्या अमेरिकेतल्या यादवी युद्धाने तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. खामगावची कापूस बाजारपेठ भरभराटीला आली आणि १८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला. घाटाखालच्या काळ्या जमिनीत कसणारे हात लागत होते. घरात 'आपण मूळचे इथले नाही' असं सांगितलं जात असेल, तर हा काळ तपासून पाहायला हवा.

अमेरिकेतल्या वंशजांना एक मोठी सोय आहे. तिथल्या जनगणनेत १८५० पासून घरातल्या प्रत्येक मुक्त माणसाचं नाव लिहिलं जातं आणि ती पानं ७२ वर्षांनी सगळ्यांना खुली होतात. भारतात जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होतात, माणसांची नावं नाहीत. त्यामुळे इथला शोध जमिनीच्या कागदांवरून मागे मागे जात करावा लागतो.

सातबाऱ्यावरून मागे कसं जायचं?

आजचा सातबारा ऑनलाइन मिळतो, पण त्यातून इतिहास कळत नाही. त्यावरचा फेरफार क्रमांक महत्त्वाचा. प्रत्येक नाव कुठल्या तरी फेरफाराने लागलेलं असतं. वारसाने, खरेदीने, वाटणीने किंवा कोर्टाच्या हुकमाने. तो फेरफार काढला की त्याआधीचा मालक कळतो, त्याच्या नावापुढे आणखी जुना क्रमांक असतो. अशी ही साखळी.

राज्याच्या महसूल खात्याने जुने फेरफार, सातबारे स्कॅन करून 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर टाकायला सुरुवात केली आहे. तिथे न मिळालेल्या पानासाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नक्कल मागायचा अर्ज करावा लागतो. अर्जात गाव, सर्व्हे नंबर आणि अंदाजे साल लिहिलं तर काम पुढे सरकतं. 'आमच्या आजोबांचे सगळे कागद द्या' असा अर्ज केला, तर तो तसाच पडून राहण्याची शक्यता जास्त.

पहिला खड्डा गट नंबरचा. जमीन एकत्रीकरण योजना ज्या गावात राबवली गेली, तिथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुना नंबर माहीत नसेल तर साखळी तिथेच तुटते. एकत्रीकरणाच्या पत्रकात जुना आणि नवा नंबर शेजारी शेजारी असतो. तो भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयात मिळतो.

दुसरा खड्डा जिल्ह्याच्या हद्दीचा, आणि तो बुलढाण्यात जरा जास्तच खोल आहे. १९०५ मध्ये वऱ्हाडचे सहा जिल्हे मोडून चार झाले, तेव्हा खामगाव आणि जळगाव हे तालुके अकोल्यातून बुलढाण्यात आले. म्हणजे शेगावच्या एखाद्या कुटुंबाचा १९०० सालचा कागद 'अकोला जिल्हा' या मथळ्याखाली असणार. त्यानंतर जिल्ह्यात चिखली, मेहकर, मलकापूर, खामगाव आणि जळगाव असे पाचच तालुके होते. आज १३ आहेत. लोणार आणि सिंदखेड राजाचं जुनं दप्तर मेहकरच्या नावाने शोधावं लागतं, देऊळगाव राजाचं चिखलीच्या.

राज्यही बदलत गेलं. १९०३ पासून वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेलं, १९५० पासून नागपूर राजधानी असलेला जुना मध्य प्रदेश, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्य आणि १९६० पासून महाराष्ट्र. कायदे बदलले तसे नमुनेही बदलले. वऱ्हाडाची स्वतंत्र जमीन महसूल संहिता १९२८ची, आज लागू असलेली महाराष्ट्राची १९६६ची. म्हणून कधी खसरा, कधी पेरेपत्रक, कधी हक्क नोंदणी अशा वेगवेगळ्या नावांचे कागद हाती येतात. घाबरायचं कारण नाही, सगळ्यांत खातेदाराचं नाव आणि शेताचा नंबर असतोच.

अगदी मुळाशी जायचं तर पहिल्या मोजणीचं शेतवार पत्रक शोधायचं. ते बहुतेक मोडीत असतं. मोडीत शब्द तोडून लिहिलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, त्यामुळे नुसतं अक्षर ओळखून भागत नाही. राज्याचा पुराभिलेख विभाग मोडी वाचनाचे वर्ग घेतो, आणि मध्य प्रांत-वऱ्हाड काळातल्या कागदपत्रांसाठी त्यांचं नागपूरचं कार्यालयही आहे.

एक सावधगिरी. एकाच गावात एकाच काळात दोन-तीन 'तुकाराम वल्द सखाराम' सहज असतात. जुन्या नोंदीत आडनाव नसतं, किंवा असतं ते 'पाटील', जे आडनाव नसून हुद्दा असू शकतं. नाव जुळलं म्हणून माणूस जुळला असं होत नाही. नावासोबत शेताचा नंबर जुळला, तर मात्र ओळख पुष्कळ पक्की झाली असं समजायला हरकत नाही.

वल्द, जौजे, बेवा आणि अ.पा.क.

या कागदांत बायका नसतातच असं नाही. त्या असतात, पण कुणाच्या तरी आडून. त्यासाठी जुन्या दप्तराची भाषा माहीत हवी.

'वल्द' म्हणजे अमक्याचा मुलगा. काही कागदांत त्याच अर्थाने 'बिन' येतं. 'जौजे' म्हणजे अमक्याची बायको. विदर्भात हा शब्द सरकारी कागदांत फार रुळलेला आहे, इतरत्र त्या जागी 'कोम' दिसतं. 'बेवा' म्हणजे विधवा. म्हणजे 'जनाबाई जौजे तुकाराम' आणि 'जनाबाई बेवा तुकाराम' या दोन नोंदी दोन वेगवेगळ्या सालांतल्या असतील, तर तुकाराम त्या दोन सालांच्या मध्ये कधीतरी गेले, एवढं मृत्यूचा दाखला न पाहताही कळतं.

आणखी एक गूढ अक्षरं, 'अ.पा.क.'. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. खातेदार वारला आणि मुलं लहान असली, तर मुलांच्या नावापुढे 'अ.पा.क. आई' असं लिहून आईचं नाव येतं. जमीन तिची होत नाही, पण तिचं नाव सातबाऱ्यावर येतं. नवरा हयात असता तर ते बहुधा आलंच नसतं. 'ए.कु.क.' म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता. हा शब्द दिसला की समजायचं, या नावामागे आणखी भाऊ आहेत आणि ते इथे लिहिलेले नाहीत.

कोतवाल बुकात काय असतं?

जन्म-मृत्यूच्या नोंदी आज ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेकडे होतात आणि त्यासाठी १९६९चा कायदा आहे. त्याआधीही गावोगाव नोंदी होत होत्या. विदर्भात त्या वहीला लोक कोतवाल बुक म्हणतात, कुठे कोतवाल पंजी. महसुली भाषेत गाव नमुना नंबर १४.

जातीच्या दाखल्यांमुळे या वहीला आज मोठं मोल आलं आहे, कारण तिच्यात जात लिहिलेली असते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा मागितला जातो. त्याच वेळी वंशावळीचं शपथपत्रही द्यावं लागतं. ही वंशावळ म्हणजे पुरुषांच्या नावांचा उतरता जिना. अर्जदार, वडील, आजोबा, पणजोबा. जात वडिलांकडून धरली जाते, म्हणून ज्या कागदासाठी लोक सगळ्यात जास्त धावपळ करतात, त्यात आईकडच्या बाजूला जागाच नसते.

पण हीच वही दुसऱ्या नजरेने वाचली तर कुटुंबाची गोष्ट सांगते. एकाच बापाच्या नावापुढे दोन-दोन वर्षांनी येणारे जन्म, त्यातल्या काहींचे लगेच मृत्यू. मृत्यूच्या रकान्यात ताप, देवी, पटकी. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांनी हा जिल्हा पार मोडला होता. १९०१च्या जनगणनेत तेव्हाच्या बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या ४,२३,६१६ भरली, दहा वर्षांपूर्वीपेक्षा १२ टक्क्यांनी कमी. १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाची साथ आली. एखाद्या घरातली नावं या वर्षांच्या आसपास अचानक थांबली, किंवा दुसऱ्याच गावात सुरू झाली, तर कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही.

बाईचं नाव या वहीत मिळण्याची जास्त शक्यता जन्मापेक्षा मृत्यूच्या नोंदीत. मरताना ती 'अमुक जौजे तमुक' म्हणून लिहिली जाते. म्हणून पणजीचा शोध घेताना आधी ती कधी गेली याचा अंदाज घरातल्यांना विचारायचा आणि ती दोन-चार वर्षं पूर्ण चाळायची.

पुस्तक लिहूनही तारीख सापडत नाही

हा अडथळा फक्त न शिकलेल्या शेतकरी बायकांचा नाही. याच बुलढाण्यात राहणाऱ्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक लिहिलं. ते पुण्यात छापलं गेलं. पुरुषांनी बायकांना दिलेल्या वागणुकीवर इतकं रोखठोक लिहिणारं पुस्तक त्या काळात दुसरं सापडणं कठीण. नंतर ते विस्मरणात गेलं आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं. आज त्याची भाषांतरं जगभर वाचली जातात.

त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत नोकरीला होते आणि सत्यशोधक समाजाशी जोडलेले होते. ते नोकरीमुळे, संस्थेमुळे सापडतात. ताराबाईंचा जन्म मात्र १८५०च्या आसपास, मृत्यू १९१०च्या आसपास, एवढाच अंदाज सगळीकडे दिला जातो. हक्काचं पुस्तक नावावर असलेल्या बाईची ही गत, तर नांगरामागे सरकी टोबणाऱ्या बाईचं काय होणार?

त्याच जिल्ह्यातलं उलटं उदाहरण सिंदखेड राजाचं. जिजाऊ लखुजी जाधवांच्या लेक, हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. सासर भोसले, माहेर जाधव, दोन्ही ठळक. पण त्यासाठी बाप मोठा सरदार आणि मुलगा छत्रपती असावा लागला.

हक्क सोडताना नाव लागतं

१९५६ साली हिंदू उत्तराधिकार कायदा आला आणि कागदांत एक मोठा बदल झाला. बापाच्या पश्चात विधवा आणि मुली वारस ठरल्या. त्यामुळे १९५६ नंतरच्या वारस फेरफारांत मुलांसोबत मुलींची नावं येऊ लागली. बऱ्याचदा लग्नानंतरच्या नावाने, सासरच्या गावासकट.

आणि मग लगेच पुढचा फेरफार येतो, हक्कसोडीचा. बहिणींनी भावांच्या लाभात हक्क सोडल्याचा. चोळी-बांगडीवर, माहेरचं दार उघडं राहावं म्हणून. या सह्या आणि अंगठे किती खुशीने झाले, हा वेगळा आणि मोठा विषय आहे.

पण घराण्याचा इतिहास शोधणाऱ्याला याच कागदाचा फार उपयोग होतो. एका पिढीतल्या सगळ्या बहिणी, त्यांची आडनावं, कुठल्या गावी दिल्या, हे सगळं एका पानावर मिळतं. ज्या कागदाने बाईचं नाव सातबाऱ्यावरून काढलं, त्याच कागदात ते सगळ्यात नीट लिहिलेलं असतं. आजीच्या बहिणी कोण होत्या हे कळेनासं झालं असेल, तर आजीच्या माहेरच्या शेताचे १९५६ नंतरचे वारस आणि हक्कसोडीचे फेरफार आधी काढावेत.

पुढे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम घेतला, नवऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमीन करावी म्हणून. १९९२ मध्ये राज्य सरकारनेही त्या नावाने योजना आणली. त्या काळात ज्या गावांत हे झालं, तिथे आजीचं नाव आजोबांच्या हयातीतच सातबाऱ्यावर लागलेलं दिसू शकतं. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका वाटा महाराष्ट्रात १९९४ आणि देशभर २००५च्या दुरुस्तीने मिळाला.

पणजीचं माहेर कसं सापडेल?

इथे कागद थोडे बाजूला ठेवून माणसांकडे जावं लागतं. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला 'पणजीचं नाव काय होतं?' असं विचारलं तर ती कदाचित 'आठवत नाही बाप्पा' म्हणेल. तिच्यासाठी ती 'आत्याबाई' किंवा 'थोरली माय' होती. पण 'आपलं मामकुळ कोणतं?' असं विचारलं की उत्तर लगेच येतं. सोयरीक जुळवताना मामाचं कूळ पाहायची रीत आहे, म्हणून ते आडनाव दोन-तीन पिढ्या तोंडी टिकतं. जुन्या लग्नपत्रिकाही जपून पाहाव्यात, त्यात मामांची नावं गावासकट छापलेली असतात.

माहेरचं गाव कळलं की तिथल्या नोंदी पाहायच्या. पण लग्नात नाव बदलायची पद्धत होती हे लक्षात ठेवायचं. सासरची जनाबाई माहेरच्या कागदात दुसऱ्याच नावाने असू शकते. त्या गावच्या जिल्हा परिषद शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर पाहावं. पणजीच्या पिढीतल्या मुली तिथे विरळाच, पण तिचे भाऊ असतील आणि भावांमुळे तिचा बाप सापडेल. या रजिस्टरातल्या जन्मतारखांवर मात्र फार विसंबू नये. पोराला उभं करून गुरुजींनी वय ठरवायचं आणि १ जून किंवा १ जुलै टाकायचा, हे महाराष्ट्रभर झालं आहे.

माहेर जालना, भोकरदन, जाफराबादकडचं निघालं तर गोष्ट बदलते. तो मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथले जुने कागद उर्दूत आणि साल फसली. त्या फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे १३५७ फसली हे १९४७-४८. १९५४-५५चं खासरा पत्रक हा त्या भागातला सगळ्यात उपयोगी कागद.

पणजी १९५१ मध्ये हयात असेल तर आणखी एक दार आहे. त्या वर्षीच्या जनगणनेवरून नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर तयार झालं होतं. त्यात घरातल्या माणसांची नावनिशीवार नोंद होती, बायकांचीही. सगळ्या गावांची ही रजिस्टरं टिकलेली नाहीत, पण शिंदे समितीच्या शोधात जे कागद तपासले गेले त्यांत याचा समावेश होता, त्यामुळे तहसीलमध्ये नाव काढलं तर निदान कशाबद्दल बोलताय ते समजतं.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतदार यादीची गोष्ट याच काळातली. देशभरात सुमारे २८ लाख बायकांची नावं त्या यादीतून काढावी लागली, कारण त्यांची नोंद 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' अशीच झाली होती. यात मुख्यतः उत्तर आणि मध्य भारतातली राज्यं होती. स्वतःचं नाव परक्यापुढे सांगायचं नाही, ही रीत किती घट्ट होती याचा तो सरकारी पुरावा.

तीर्थक्षेत्रांच्या उपाध्यायांकडच्या वह्याही विसरू नयेत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, हरिद्वार इथले तीर्थपुरोहित गाव आणि आडनावानुसार यजमानांची नामावळ ठेवतात. कुटुंबातलं कुणी अस्थी घेऊन किंवा कुंभमेळ्याला गेलं असेल, तर त्यांनी लिहून दिलेली नावं तिथे असतात. सोबत गेलेल्या बायकाही कधी कधी त्यात सापडतात. भाटांच्या वह्या मात्र जपून वाचाव्यात. दक्षिणा देणाऱ्याचं मूळ थेट राजघराण्यापर्यंत नेण्याची त्यांना सवय असते.

आणि जात्यावरच्या ओव्या. घरातल्या आजीला अजून येत असतील तर फोनवर ध्वनिमुद्रण करून ठेवावं. ओवीत बाई भावाचं नाव घेते, माहेरचं गाव सांगते, सासूचं गाऱ्हाणं मांडते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या गावांमधून अशा १ लाखांहून अधिक ओव्या गोळा झाल्या आहेत.

जमीन नव्हती त्यांचं काय?

सालदार, मजूर, बटईने कसणारे यांच्यासाठी वरची अर्धी वाट बंदच असते. त्यांच्यासाठी कोतवाल बुक आणि शाळेचं रजिस्टर हेच मुख्य आधार. विदर्भासाठी १९५८ मध्ये कूळ कायदा झाला, त्यानंतर काही कुळं मालक झाली, त्यांची नावं कूळ नोंदवहीत मिळतात. त्याआधीची पिढी शोधायची तर ज्यांच्या शेतात ते राबत होते, त्या मालकाच्या घरातल्या हिशेबाच्या वह्या पाहाव्या लागतात. त्या पाहायला मिळणं हे आजच्या संबंधांवर अवलंबून.

२०२४ नंतर काय बदललं?

१ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांची नावं महाराष्ट्रात सरकारी कागदांवर मूल, आई, वडील, आडनाव अशा क्रमाने लिहिणं बंधनकारक झालं आहे. जन्मदाखला, शाळेचं रजिस्टर, महसुली कागद, सगळीकडे. ही मुलं पणजी-पणजोबा होतील तेव्हा त्यांच्या आईचं नाव शोधायला अभिलेख कक्षात जावं लागणार नाही.

त्याआधीच्यांसाठी एक काम आजही करता येतं. घरात वारस फेरफार होणार असेल, तर अर्जात आत्या आणि बहिणींची नावं पूर्ण लिहावीत, माहेरच्या आणि सासरच्या दोन्ही नावांनी, गावासकट. तलाठ्याच्या रकान्यात जागा कमी पडली तर जोडपत्र लावता येतं.